भुयारातली पंगत

खेळाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. फ्लॉपीवर अक्काच्या अक्षरात ‘भुयार’ एवढंच लिहिलेलं होतं. नाशिकहून कुणीतरी आणलेल्या फ्लॉपीची ती नक्कल होती. नकलेबरोबर माहितीपुस्तक आलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात, पांझरेपलीकडे देवपूरला, एका गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. गाळ्याला शटर, आत काचेचं दार आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून देवळात जावं तसं अनवाणी आत जायचं. अक्का गणित घेऊन बी.एस्सी. झाली होती, तिथेच सहा महिन्यांचा कोर्स करून तिथेच शिकवायला लागली होती. ती माझी मोठी बहीण. मी नुकताच एका दैनिकाच्या धुळे कचेरीत लागलो होतो. बाजार समितीच्या बातम्या देऊन झाल्या की तिला घ्यायला क्लासवर जायचो. शेवटची बॅच सुटली की सर आम्हाला तासभर एक मशीन वापरू द्यायचे. सर म्हणजे क्लासचे मालक. त्यांना खेळात रस नव्हता, पण अक्का सोडून गेली तर क्लास बंद पडेल हे त्यांना कळत होतं.

खेळ असा होता. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषा. त्या रेषांनी एक बोळ दाखवलेला असे, पुढे भिंत किंवा दार. एक बटण दाबलं की एक पाऊल पुढे. वर एक गाव होतं, तिथे माणसं तयार करायची, त्यांना नावं द्यायची, कुणाला शिपाई, कुणाला पुजारी, कुणाला मांत्रिक करायचं. एका वेळी सहाच जणांना भुयारात नेता येत असे. खाली काहीबाही भेटत असे, त्याच्याशी लढायचं. जिंकलं तर माणसं अनुभवाने थोडी थोडी मजबूत होत जात. हरलं तर मरत. मेलेला माणूस खेळ पुन्हा सुरू केल्यावर जिवंत होत नसे. सगळेच मेले तर त्यांची प्रेतं भुयारात त्याच जागी पडून राहत, आणि दुसऱ्या कुणीतरी खाली जाऊन त्यांना वर आणावं लागे.

अक्काने सहा माणसं केली ती घरातली. नाना, म्हणजे आबांचे थोरले भाऊ. मग आबा, आमचे वडील. मग दादा. मग मी, घरात मला भाऊ म्हणत. मग आई. शेवटी वहिनी. नावं रोमन अक्षरांत लिहावी लागली, तरी नातं वाचता येत होतं. नानांना विंचवाचा मंत्र येत असे, म्हणून त्यांना मांत्रिक केलं. आबा रोज पूजा करत, म्हणून ते पुजारी. वहिनी दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढायची, म्हणून तिला शिपाई केलं आणि सगळ्यांत मोठी तलवार दिली. आणि सगळ्यांना उभं केलं ते घरात पंगत बसते त्या क्रमाने. पहिला मान नानांचा, त्यांच्यानंतर आबा, मग दादा. बायका शेवटी.

हा क्रम चुकीचा होता. त्या खेळात पुढचे तिघे वार झेलतात आणि वार करतात. मागच्या तिघांचा हात पोचत नाही, त्यांनी मागून मंत्र म्हणायचे असतात. आमच्याकडे पुढे एक सुरकुतलेला मांत्रिक आणि एक पुजारी उभे होते, आणि सर्वांत मजबूत बाई तलवार घेऊन सहाव्या जागी. लढाई सुरू झाली की वहिनीच्या नावापुढे यंत्र वार करण्याचा पर्यायच दाखवत नसे. नाना पहिल्याच फटक्यात अर्धे होत. मग अक्का त्यांना वर गावात आणून खाणावळीत झोपवायची, बरे झाले की परत खाली.

एका संध्याकाळी उशीर झाला म्हणून आबाच आम्हाला शोधत आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक. चपला काढून, टोपी सारखी करून आत आले. पडद्याकडे बराच वेळ बघितलं. घरात ते अहिराणीच बोलत.

‘यामा मी कोठे शे?’ त्यांनी विचारलं.

अक्काने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. वर कोण आहे, ते त्यांनी विचारलं. नाना, असं ऐकल्यावर मान हलवली. क्रम बरोबर होता. मग त्यांनी सगळी नावं खालपर्यंत मोजली.

‘आन तू?’

‘मी वाढस, आबा,’ अक्का म्हणाली.

आबा हसले. सरही हसले. घरी पंगतीला वाढायचं काम अक्काचंच होतं, त्यामुळे त्यात लागण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्याच हिवाळ्यात सावद्याचं स्थळ आलं. केळीचं मोठं घर, बागा, व्यापार. मंडळी बघायला आली तेव्हा तुला काही विचारायचं आहे का, असं मुलाकडच्यांनीच विचारलं. अक्काने एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर कॉम्प्युटर शिकवता येईल का. सासरे होणारे गृहस्थ म्हणाले की, सावद्यात अजून कॉम्प्युटर आलेला नाही, आला की पहिली शिकवणारी आमची सूनच असेल. हे सगळ्यांसमोर झालं. मुलानेही मान हलवली. तो सभ्य माणूस होता, आजही आहे. आबांनी नंतर ते वाक्य नात्यागोत्यात पुष्कळांना सांगितलं.

लग्न ठरलं त्यानंतर थोड्याच दिवसांत भुयारात आमची माणसं मेली. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं आणि आत गर्दी होती. नाना गेले, आबा गेले, दादा गेला. पुढची रांग पडली की मागची पुढे सरकते. तेव्हा वहिनीला पहिल्यांदा वार करता आला. तिने समोरचे बरेच पाडले, आणि मग ती एकटीच उरली, आणि मग तीही पडली. मशीनचं बटण बंद केलं तर मरण लिहिलं जायच्या आधी थांबवता येईल, असं अक्काला वाटलं. तिचा हात तिथपर्यंत गेलाही. पण ड्राइव्हचा लाल दिवा आधीच लागला होता, म्हणजे लिहिणं सुरू झालं होतं.

‘बठ्ठा गयात,’ सगळे गेले, ती म्हणाली. एरवी ती क्लासमध्ये अहिराणी बोलत नसे.

नवी माणसं करून त्यांना वर आणू, मी म्हणालो. ती म्हणाली, वेळ नाही. साड्यांची खरेदी होती, पत्रिका होत्या. क्लासमधल्या शेवटच्या दिवशी तिने फ्लॉपी कागदी पाकिटात घालून सरांच्या कपाटात ठेवली.

पुढची काही वर्षं त्या फ्लॉपीचा विषय निघाला नाही. अक्का सावद्याला. तिथल्या घरात रोज दोन पंगती उठत: पहिली घरच्या पुरुषांची आणि आलेल्या व्यापाऱ्यांची, दुसरी केळी कापणाऱ्या मजुरांची आणि ट्रकवाल्यांची. अक्का आणि तिची जाऊ वाढायच्या. अक्काला मुलं झाली. नंतर जाऊ वेगळी राहायला गेली. सासू चांगली होती, हेही लिहिलं पाहिजे. ती अक्काला टाकून बोलत नसे, आजारपणात डोक्याशी बसे. नाना वारले. माझी बदली जळगावला झाली. आमच्या कचेरीत अक्षरजुळणीसाठी नवी मशिनं आली, तेव्हा जुनं हिरव्या पडद्याचं एक मशीन मोडीत निघत होतं. ते मी मागून घेतलं आणि माझ्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. बातम्या टाइप करण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा सावद्यात कॉम्प्युटर आला. बँकेच्या वरच्या मजल्यावर भुसावळच्या एका माणसाने क्लास काढला. त्याला शिकवणारं माणूस हवं होतं आणि गावात त्या विषयातलं शिक्षण असलेलं माणूस एकच होतं. तो स्वतः घरी येऊन विचारून गेला. सोमवारपासून सुरुवात, रोज दुपारचे तीन तास. अनुभवाचा दाखला मात्र हवा होता.

देवपूरचे सर तोवर जळगावात मोठा क्लास चालवत होते. म्हणून अक्का दाखल्यासाठी माझ्याकडे आली. घरात विचार होऊ दे, मी फोन करून कळवतो, असं मेहुण्यांनी तिला सांगितलं होतं. फोन येईपर्यंत ती जळगावातच थांबणार होती. बरोबर एक पिशवी होती. त्यात दोन साड्या आणि कॉम्प्युटरचं एक जुनं पुस्तक. पुस्तक तिने बसमध्ये वाचलं होतं. विसरले नाही, असं तिने आल्या आल्या सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी.

सरांनी दाखला लगेच दिला. मग कपाटातून एक पाकीट काढलं आणि हे तुमचं राहिलं होतं, म्हणाले. अक्षरावरून ठेवून दिलं होतं.

घरी येऊन तिने फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह खरडल्यासारखा वाजला. मग हिरव्या रेषा आल्या, आणि माणसांची यादी. नाना, आबा, दादा, भाऊ, आई, वहिनी. प्रत्येकापुढे मृत.

त्या खेळाबद्दल मला मधल्या काळात थोडं कळलं होतं. आमच्या दैनिकाच्या पुरवणीसाठी एका इंग्रजी मासिकातला लेख मी मराठीत केला होता. सीडीवर येणाऱ्या नव्या, रंगीत खेळांबद्दलचा लेख. त्यात या जुन्या खेळाचा परिच्छेद होता. माणसांची टोळी जमवणं, पुढची आणि मागची रांग, अनुभवाने वाढणारी ताकद, भुयाराचे मजले, हे सगळं पुढच्या कित्येक खेळांनी इथून उचललं, असं लेखक म्हणत होता. वर्णनावरून मी ओळखला. दणकट माणसं पुढे ठेवावीत, अशक्त मागे, हे तर सर्वांना माहीतच असतं, असंही त्यात होतं.

मी हे अक्काला सांगितलं.

‘म्हणजे आपण मूळ पोथीच वाचत होतो,’ ती म्हणाली. ‘टीकेशिवाय.’

मग मी रांगेबद्दल सांगितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

‘ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘नानांना मागे बसा म्हणून तू सांगणार होतास?’

‘खेळात?’

‘कशातही.’

तिने नवं माणूस केलं. नाव लिहिलं अक्का. शिपाई. आणखी पाचजणींना बरोबर का घेत नाहीस, असं मी विचारलं, कारण एकटीने खाली जाणं म्हणजे मरणच होतं. तिने हिशेब सांगितला. जागा सहाच. मेलेल्याला उचललं तरी तो एक जागा अडवतो. दोघी गेल्या तर चौघं आणता येतील. एकटी गेली तर पाच. त्या खेपेला एक तरीही राहीलच.

‘कोण?’

‘तिथे पोचल्यावर बघू.’

मी कचेरीत जायचो, परत यायचो, ती मशीनसमोर असायची. पद्धत ठरलेली होती. जिन्याजवळच राहायचं, एक लढाई, लगेच वर, झोप, पुन्हा खाली. एकटी असल्यामुळे पुढची रांगही तीच आणि मागचीही तीच. वरच्या मजल्यावरच्या बारीकसारीक गोष्टी मारत मारत ती मजबूत होत होती. देवपूरला असताना तिने कागदावर काढलेले भुयाराचे नकाशे कुठे राहिले ते तिलाही माहीत नव्हतं. पण बोटांना वाट पाठ होती. डावीकडे दार, सरळ, पुन्हा डावीकडे, हे ती पुटपुटत असे. मधेच फोन उचलून कानाला लावून बघायची, चालू आहे ना. एकदा तिने मला विचारलं की, शिकवायला जाताना पंजाबी ड्रेस चालेल की साडीच लागेल. मी म्हणालो, सावद्यात साडी. तिलाही तसंच वाटत होतं. शिकवण्याचा पहिला धडा तिने माझ्यासमोर म्हणून दाखवला. चांगला होता. आत येताना चपला काढायला सांगू नकोस, आता त्याची गरज नसते, असं मी सुचवलं. ती म्हणाली, काढू दे, त्याने पोरं गप्प बसतात.

रविवारी दुपारी ती त्या दारापाशी पोचली. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. तिने दार उघडलं. या वेळी आत काही नव्हतं. जमिनीवर सहा जणांची यादी आली आणि यंत्राने विचारलं, कुणाला उचलायचं.

तेव्हाच फोन वाजला. ही गोष्ट मी बातमीत लिहिली असती तर उपसंपादकाने खोडली असती, पण तसंच झालं.

अक्का फोनवर फारसं बोलली नाही. हो, बरं, जेवलात का, मुलांना द्या. मुलांशी बोलली. मग ठेवला. मेहुण्यांचं म्हणणं तिने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. घरात कुणीही नाही म्हटलेलं नव्हतं. सासरे म्हणाले, शब्द दिलेला आहे. सासूबाई म्हणाल्या, जरूर शिकव, आमचाच मान आहे. फक्त आता कापणी चालू आहे, दुपारची पंगत त्याच वेळात येते, माझ्याच्याने एवढ्या माणसांचं होत नाही. कापणी आटोपली की लगेच जा.

‘कधी आटोपते?’ मी विचारलं.

‘केळी बारमाही,’ ती म्हणाली. ‘एक बाग संपते, दुसरी लागते. आटोपत नाही.’

भुसावळच्या माणसाला थांबायला सांगू, मी म्हणालो. मी स्वतः सावद्याला येतो, आबांना घेऊन येतो, तुझ्या सासऱ्यांनी शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द त्यांनी मोडलेलाच नाही, तू भांडणार कशावरून? घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं मी मनात तपासून पाहिलं. एकाचंही वाक्य खोटं नव्हतं.

ती पुन्हा मशीनसमोर जाऊन बसली. यंत्र तोच प्रश्न विचारत होतं. तिने नाना उचलले नाहीत, आबाही नाहीत.

‘मी यातून निघाले तर सहाच्या सहा मावतात,’ ती म्हणाली. ‘पण मग चालणार कोण?’

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. भाजीत मीठ किती, हे सांगावं तसा. मी म्हणालो, पाच तरी आण. वहिनीला ठेव, किंवा मला ठेव. तिने नकारार्थी मान हलवली. एकेक नाव उचलायला नुसतं एक बटण दाबायचं होतं, आणि परतीची वाट तिला पाठ होती. तिने ते दाबलं नाही. मोहीम मधेच थांबवण्याचं बटण दाबलं, लाल दिवा लागून विझण्याची वाट बघितली, फ्लॉपी बाहेर काढली आणि पाकिटात घालून माझ्या हातात दिली. घेऊन जातेस का, असं विचारल्यावर तिथे मशीन कुठे आहे, म्हणाली.

दाखला तिने पिशवीत ठेवला, पुस्तकाच्या पानांत, घडी न पाडता. संध्याकाळच्या पंगतीला पोचायचं होतं. जळगावच्या स्टँडवर भुसावळमार्गे सावद्याची एसटी लागलेली होती. खिडकीतून तिने मला दुकानाकडे बोट दाखवून मुलांसाठी गोळ्या आणायला सांगितलं. मी आणल्या. बस सुटली.

सावद्याच्या त्या क्लासला भुसावळहून रोज ये-जा करणारा एक पदवीधर मिळाला. वर्षभराने तो दुसरीकडे गेला, तेव्हा मालकाने पुन्हा अक्काच्या घरी विचारलं. तेव्हाही कापणी चालू होती. तिसऱ्यांदा तो आला नाही.

फ्लॉपी मी अधूनमधून लावून बघत असे. यादीत सहा नावांपुढे मृत, आणि सातव्या नावापुढे ‘आउट’. त्या खेळात त्याचा अर्थ असा की, माणूस भुयारात आहे. मेलेला नाही, परतलेलाही नाही. तिथून मोहीम पुढे चालू करता येत होती. मी ती कधी केली नाही. वाट मला माहीत नव्हती, आणि ती मेली असती तर यंत्राने तेही लगेच लिहून ठेवलं असतं. एका पावसाळ्यात ड्राइव्ह बिघडला. त्या मापाचा दुसरा जळगावात मिळाला नाही.

त्यानंतर केळीच्या भावाच्या बातमीसाठी सावद्याला जावं लागलं. जेवायला अक्काकडेच. वरण-बट्टी होती, घोटलेली वांग्याची भाजी होती. मला सासऱ्यांच्या शेजारी पाट मांडला. पलीकडे मेहुणे, त्यांच्यापुढे दोन व्यापारी. रांगेच्या टोकाला अक्काचा थोरला मुलगा. ओसरीवर मजूर हात धुऊन दुसऱ्या पंगतीची वाट बघत होते. सासरे व्यापाऱ्यांना म्हणाले की हा आमच्या सुनेचा भाऊ, पेपरात असतो, आणि सून कॉम्प्युटर शिकलेली आहे बरं का. व्यापाऱ्यांनी कौतुकाने मान हलवली.

अक्का वरणाचं भांडं घेऊन माझ्या ताटापाशी वाकली.

‘ती अजून तिथेच आहे का?’ तिने हळू विचारलं.

ड्राइव्ह बिघडलाय, फ्लॉपी वाचता येत नाही, मी सांगितलं. असेल तिथेच.

तिने वरण वाढलं, बट्टीवर तूप सोडलं. शेजारच्या ताटातलं वरण संपत आलं होतं. ती तिकडे सरकली.